एका तिथीचे दोन मांडव

संजीवनीला नाही म्हणता येत नसे. कुणी लग्नाची तिथी घेऊन दारात आलं की तिच्या तोंडून ‘येते’ एवढंच निघे, आणि लोक त्याला तिचा मोठेपणा समजत. मोठेपणा कसला डोंबलाचा! आपल्यावाचून कुणाची तरी हळद अडली आहे, हे ऐकायला तिला गोड लागे. तसं ते कुणाला लागत नाही?

ती धवलारीण होती. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांतून टॉवर उभे राहिले, तरी जुन्या घरांच्या लग्नात भटजीच्या आधी अजून धवलारीण लागते. अंगणात तांदळाचा चौक भरते ती, देवांना मांडवात बोलावते ती, आणि हळद लागत असते तेव्हा धवले म्हणते तीच. धवला म्हणजे नुसतं गाणं नव्हे. त्यात नवरीचं नाव येतं, तिच्या आईबापाचं, भावांचं, मामांचं, मग नवऱ्याचं आणि त्याच्या माणसांचं. हळद सवाष्णी लावतात, नाव निघालेली घरची माणसंही लावतात, पण ती कुणाची आणि कुणासाठी हे धवलारीण सांगते. तिच्या तोंडून नाव निघालं की ते देवांनी ऐकलं, असं धरून चालतात.

ही विद्या तिला चामटोलीच्या बनूमावशीनं दिली. बनूमावशी एका तिथीला एकच मांडव घेई. आदल्या दिवशी लग्नघरी जाऊन नवरीच्या आईजवळ बसे, चहा पीत पीत नावं विचारे आणि तिथंच पुटपुटून घटवी. याला ती ‘नावं बसवणं’ म्हणे. कुठलं नाव या घरात घ्यायचं नाही, तेही विचारून ठेवी, कारण घर म्हटलं की एखादं तरी नाव दुखरं असतंच. संजीवनीनंही सुरुवातीची वर्षं असंच केलं. मग मावशी गेली, कुणीतरी संजीवनीचा धवला मोबाईलवर टाकला, तो हजारोंनी पाहिला आणि बोलावण्यांचा पाऊस सुरू झाला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये तिच्या नवऱ्याचं, राजूचं, मांडवाच्या झालरी-तोरणांचं दुकान होतं. ते उघडं कमी आणि बंद जास्त राहू लागलं, कारण राजू आता बायकोच्या तारखा सांभाळी. नावं व्हॉट्सअ‍ॅपवर येत आणि ती गाडीत वाचून घेई. आसपासच्या दुसऱ्या धवलारणी घरी बसल्या होत्या, याचं तिला वाईट वाटे. पण तारीख सोडण्याइतकं वाटत नसे.

त्या दिवशी तिनं तीन हळदी घेतल्या होत्या. सकाळी अंबरनाथच्या बुवापाड्यात एका नवरदेवाची, दुपारी चामटोलीत एका नवरीची आणि संध्याकाळी कर्जत रस्त्यावरच्या फार्महाऊसवर एका बिल्डरच्या मुलीची. तिन्ही घरांना तिनं सांगितलं होतं, ‘त्या दिवशी तुमचाच मांडव आहे हो.’

बुवापाड्यात डीजेवाल्यानं घोळ घातला आणि तिथंच उशीर झाला. गाडीत बसल्याबसल्या ती लिंबाच्या फोडीनं तळहात घासू लागली. एका मांडवाची हळद हाताला असताना दुसऱ्या मांडवात पाय ठेवायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बोटांची पेरं काही केल्या पांढरी होईनात.

“नावं वाच ना,” राजू गाडी हाणत म्हणाला. “कवाची पाठवलीत.”

तिनं फोन उघडला. नवरी हर्षदा, बाप हिंदुराव, आई तुळशी, नवरा भूपेश. एवढ्यात संध्या नावाच्या बाईचा फोन आला. फार्महाऊसचा सगळा कार्यक्रम ही संध्या बघत होती.

“ताई, प्लीज लेट मत करना हां,” संध्या म्हणाली. “दोन कॅमेरे फक्त तुमच्यासाठी लावलेत. आजचं मस्त झालं ना, तर पूर्ण सीझन तुमचा. मी सगळ्या पार्ट्यांना तुमचंच नाव सांगितलंय.”

“येते. वेळेत येते,” संजीवनी म्हणाली. फोन ठेवेपर्यंत चामटोलीचा फाटा आला.

मांडवात बायका ताटकळल्या होत्या. नवऱ्याची मोठी बहीण कुमुदिनी वांगणीहून उष्टी हळद घेऊन केव्हाची येऊन बसली होती. आधी नवऱ्याला लागायची आणि त्यातली उरलेली नवरीकडे न्यायची, असा रिवाज. ही हळद घरात आली की सोयरीक पक्की, आणि लागायच्या आधी परत गेली तर मोडली. कुमुदिनीनं ताट मांडीवरच ठेवलं होतं. बाई देखणी आणि कडक होती, हसणं मोजून मापून.

तुळशी लगबगीनं पुढं आली. “ये गो संजीवनी. जरा आत बस, च्या घे. तुला थोडा सांगायचा हाय.”

“मग सांगा, वहिनी. आधीच उशीर झालाय.”

“दोनच गोष्टी हायेत गो...”

“हळद लागू दे, मग निवांत बोलू,” संजीवनी म्हणाली आणि चौकाजवळ बसलीसुद्धा. तुळशीची नजर तिच्या पिवळ्या बोटांवर गेली. “कालची आहे,” संजीवनीनं न विचारताच सांगितलं. तुळशी तिथून लगेच हलली नाही.

देव बोलावून झाले. हर्षदा पाटावर बसली. सावळी, नाकेली मुलगी, बदलापूरला एका दवाखान्यात कामाला जाई. कुमुदिनीनं ताट पुढं केलं, आंब्याचं पान हळदीत बुडालं आणि संजीवनीनं सूर लावला. आवाज तिचा खरंच गोड होता. बायका डोलायला लागल्या. संजीवनीचं मन मात्र फार्महाऊसवर पोचलं होतं. साडी तीच नेसावी की बदलावी, कॅमेऱ्यात पिवळी बोटं दिसतील का, वाटेत फाटकात गाडी अडकली तर काय. तोंड आपलं गात होतं.

“हलद लागली गो कुना लेकीला,
हिंदुरावाच्या हरषदा लेकीला.
उष्टी हलद गो कुना नवऱ्याची,
तुषार नवऱ्याची, तुषार नवऱ्याची...”

दोनदा म्हणाली. पहिल्यांदा तिला कळलंच नाही, दुसऱ्यांदा समोरच्या बाईचा हात हर्षदाच्या गालाशी थबकला तेव्हा कळलं. तुषार म्हणजे सकाळचा बुवापाड्याचा नवरा.

“थांबा,” कुमुदिनी म्हणाली. “कोन तुषार?”

चुकून दुसरं नाव आलं एवढंच असतं तर एव्हाना चार बायका हसल्या असत्या, धवलारणीला चिमटे काढले असते आणि गाणं पुढं गेलं असतं. पण इथं कुणी हसलं नाही. हर्षदानं मान खाली घातली. तुळशीचा चेहरा पांढराफटक पडला. मागून एक म्हातारी शेजारणीच्या कानात कुजबुजली ते संजीवनीच्या कानावर आलं: “बुवापाड्याचाच तो. जेच्यासंगं हिचा साखरपुडा मोडला.”

दुनियेत तुषार शंभर असतील, आणि तिच्या तोंडी यायचा तो नेमका हा. एकमेकांना दुखरी असलेली ही दोन नावं तिनं एकाच दिवशी आपल्या जिभेवर आणून ठेवली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. तुळशीला आत बसून काय सांगायचं होतं, तेही आता तिला कळलं.

कुमुदिनी उठून उभी राहिली. ताट तिच्या हातात. “आमाला सांगितला का ती गोष्ट संपली. वरीस झाला, आता कोनी नाव पन नाय घेत. आनि इथं मांडवात बसून धवलारीन त्याचा नाव घेते? हिच्या तोंडात कोनी घातला ता नाव?”

“कोनी नाय गो बाय,” तुळशी काकुळतीनं म्हणाली. “माझी शपथ.”

“भूपेशची आत्या नको बोलत होती. मोडलेल्या सोयरिकीची पोर नको बोलली. मी जबाबदारी घेतली, मी! तिला आता काय तोंड दाखवू?”

आवाज ऐकून हिंदुराव पुरुषांतून उठून आत आला. काय झालं ते कुणीतरी त्याला सांगितलं. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं. “तू काय बोललीस गो धवलारनीला?”

“मी कवा बोलू? ती बसली तरी का माझ्यासंगं!”

हर्षदा पाटावर बसून होती, एका गालाला हळद, दुसरा कोरा. तिच्याभोवतीच्या बायका हळूहळू मागं सरकल्या होत्या. तिला कुणी काही विचारत नव्हतं, पण बघत सगळे तिच्याकडेच होते. जणू ते नाव तीच घरभर म्हणत हिंडत होती आणि धवलारणीनं फक्त ऐकून गायलं. कुमुदिनी मांडवाच्या तोंडाशी गेली, तिथं तिच्याबरोबरची माणसं गाडीपाशी उभी होती. आणखी थोडी पावलं आणि ताट गाडीत गेलं असतं.

राजू पुढं घुसला. माणूस बोलण्यात पटाईत, कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांच्या संगतीत तयार झालेला. “अहो ताई, ऐका तर! तुषार आमच्या भाच्याचं नाव. पंधरा दिवसांवर लग्न त्याचं, दिवसभर तेच घोळतंय हिच्या डोक्यात. जीभ घसरली, बस इतनी सी बात. काय गो, सांग ना!”

संजीवनीला भाचा होता. त्याचं नाव विनीत आणि तो पाचवीत होता.

कुमुदिनी थांबली. तिलाही मोडायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. विश्वास ठेवायला काहीतरी हवं होतं बिचारीला. “खरा काय गो बाई? मग मेढीला हात लाव आनि बोल.”

मांडवाच्या मुख्य खांबाला, म्हणजे मेढीला, उंबराचा टहाळा बांधला होता. संजीवनी उठली. एवढं ‘हो’ म्हटलं की सुटका होती. हळद लागली असती, पोरीचं लग्न झालं असतं, ही वेळेत फार्महाऊसवर पोचली असती. खांबाजवळ जाईपर्यंत तिचं हेच ठरलं होतं. मग तिची नजर हर्षदाकडे गेली. ती पोर तिच्याकडेच बघत होती आणि तिला माहीत होतं की हे खोटं आहे. कसं माहीत होतं कोण जाणे, पण डोळ्यांत दिसत होतं. आणि सकाळच्या हळदीचा व्हिडिओ राजूनं केव्हाच मोबाईलवर सगळ्यांसाठी टाकला होता. आज ना उद्या वांगणीत कुणाच्यातरी हातात तो येणार. ‘धवलारणीनं तुझी लफडी झाकली’ म्हणून सासरी या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. आपण तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी मांडवात गात असणार. संजीवनीला स्वतःची इतकी किळस आजवर कधी आली नव्हती.

“भाच्याचं नाव नाही,” ती म्हणाली. “मी सकाळी बुवापाड्याला होते. तुषारची हळद होती आज. तिथून इथं आले. नाव माझ्याच तोंडात राहिलं. या घरातल्या कुणी मला एक शब्द सांगितलेला नाही.”

मांडवात एकदम गलका झाला. एका तिथीला दोन मांडव! तिकडची हळद इकडे घेऊन आली! म्हाताऱ्या बायकांनी कडाकडा बोटं मोडली. “बनूबाईची भाची ना तू? बनूबाईचा नाव बुडवलास गो!” संजीवनीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं ते.

“पोरीला वाचवायला बोलतेस,” कुमुदिनी म्हणाली, पण तिचा आवाज मघाइतका धारदार नव्हता.

“राजू, फोन दे.”

“डोकं फिरलं काय तुझं?” राजू दातओठ खात पुटपुटला. “त्याच्यावर ‘बुकिंग चालू’ टाकलंय मी. सगळ्यांना दाखवायचं? धंदा बसवशील.”

तिनं त्याच्या खिशातून फोन ओढून घेतला आणि कुमुदिनीपुढं धरला. बुवापाड्याचा मांडव दिसला, पाटावर बसलेला तुषार, दात काढून हसणारा, भोवती नाचणारी पोरं. आणि संजीवनीचाच आवाज, तीच चाल, तेच शब्द: ‘तुषार नवऱ्याची, तुषार नवऱ्याची.’ कुमुदिनीनं शेवटपर्यंत पाहिलं. मग दीर्घ श्वास सोडला.

“बघू,” हर्षदा म्हणाली.

“नको गो बाय,” तुळशी मध्ये पडली.

“बघू दे, आई.”

तिनं फोन हातात धरला. वर्षभर जिच्यासमोर ज्याचं नाव घ्यायला घर घाबरत होतं, तो तिथं अंगाला हळद फासून हसत होता. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिनं पूर्ण पाहिलं आणि फोन संजीवनीकडे परत दिला.

“मावशी, हा आता बंद करा,” ती म्हणाली. “आज माझी हळद आहे.”

आवाज चढवला नव्हता तिनं. पण आतापर्यंत म्हाताऱ्यांनी जे जे ऐकवलं होतं, त्या सगळ्याहून हे वाक्य संजीवनीला जास्त लागलं. सकाळपासून दोन्ही मांडवांत एकही हळद तिच्यासाठी ‘आजची’ नव्हती. सकाळी ती दुपारच्या घाईत होती, दुपारी संध्याकाळच्या. तिनं फोन बंद केला.

कुमुदिनी ताट घेऊन मागं फिरली. “पुसा तिच्या गालावरची हलद,” ती म्हणाली.

तुळशीनं तोंडाला पदर लावला.

“अहो, पुसा म्हंजे परत लावायला पुसा!” कुमुदिनी वैतागली. “ती चुकीच्या नावाची लागलीय. आनि तू गो बाई, न्हाऊन ये. त्या मांडवाचा लुगडा उतरव. मग पयल्यापास्नं म्हन. देव बोलवन्यापास्नं. एक पन नाव गाळायचा नाय. नायतर मी ही चालले.”

संजीवनीनं मान डोलावली. तुळशीनं आपलं एक जुनं लुगडं दिलं. न्हाणीत ती अंगावर पाणी घेत होती तेव्हा दाराबाहेर राजू येऊन उभा राहिला.

“हे बघ, अर्ध्यात उरकून टाक. देव बोलव, चार नावं घे, संपलं. आता निघालो तरी पोचतो आपण. संध्याचे पाच कॉल येऊन गेले.”

पुरा धवला म्हणजे दिवस मावळेपर्यंतचं काम. हे दोघांनाही ठाऊक होतं. संजीवनी ओल्या केसांनी बाहेर आली आणि फोन मागितला. संध्याचा आवाज तिकडून आला तसा तिच्या घशाशी ‘येते’ आलंही. सवयच ती.

“मला नाही जमणार आज,” ती म्हणाली.

“क्या मतलब? ताई, सगळे गेस्ट येतायत! शॉर्टमध्ये करा ना तिकडचं!”

“तुमच्या मांडवाला मी हो म्हणायला नको होतं. चूक माझी. वांगणीला द्वारकाबाई आहे, घरीच असेल, मी तिला फोन करते. गाडी पाठवा. माझ्याहून जुनी आहे, चांगली म्हणते.”

“कोण द्वारकाबाई? पार्टीला तुम्ही पाहिजे होता! असं असेल तर सीझनच्या बाकीच्या डेट्स पण मी त्यांनाच देते मग.”

किती दिवस ती त्या तारखांची स्वप्नं बघत होती. “द्या,” ती म्हणाली. मग द्वारकाबाईला फोन लावला. म्हातारी आनंदानं इतकी गडबडली की पत्ता तिला पुन्हा पुन्हा सांगावा लागला.

राजू कपाळाला हात लावून पायरीवर बसला. “संपवलंस तू सगळं. आता एकेक मांडव घेऊन काय करणार?”

“एकेक मांडव घेणार. एका तिथीला एक. मला तेवढा पुरे आहे. तू दुकान उघड.”

बोलताना तिला बळ आलं असं नाही. भीतीच वाटत होती. पण संध्याकाळी कुठं पोचायचं नाही, हे कळल्यावर तिची मान मोकळी झाली. ती आत गेली आणि तुळशीजवळ फतकल मारून बसली. “वहिनी, आता सांगा. मघाशी दोन गोष्टी म्हणाला होतात.”

“एक तर झालीच की,” तुळशी म्हणाली. “तोच नाव नको बोलनार होते.”

“आणि दुसरी?”

तुळशीनं दाराकडे पाहिलं. बाहेर हिंदुराव होता. तिनं आवाज उतरवला. “एक नाव घ्यायचा हाय. अनंताचा. हर्षदाचा मोठा भाव. बारवी धरनाच्या पान्यात बुडून गेला, पोरगा कालेजात व्हता. पत्रिकेत नाय छापला. हे बोलले, गेलेल्याचा नाव शुभकार्यात नको. मोबाईलवर पाठवली त्यात पन नाय. पन तो भाव हाय ना गो तिचा?” तिचे डोळे भरले. “तू मघाशी बसली असतीस तर हळूच बोलले असते.”

“हर्षदाला काय वाटतं?”

“तिनंच सांगितलाय मला.”

आताच एका नावानं मांडव उधळायची वेळ आली होती. बाहेर कुमुदिनी ताट मांडीवर घेऊन बसली होती, प्रत्येक शब्दावर कान ठेवून. घराचा धनी नको म्हणतोय. आणखी एक न सांगितलेलं नाव निघालं तर ती बाई क्षणभरही थांबायची नाही. शहाणपण सांगत होतं की हे नाव राहू दे. पण बनूमावशी असती तर तिनं काय केलं असतं, हे संजीवनीला विचारायची गरज नव्हती. ती फक्त म्हणाली, “बाकीची नावं सांगा. सावकाश सांगा.” तुळशी सांगत गेली आणि ती पुटपुटत गेली.

चौक पुसून नवा भरला. देव पुन्हा बोलावले. सूर आता बसका निघत होता, सकाळपासून गळा ताणलेला. कुणी तक्रार केली नाही. आईबाप झाले, चुलते झाले. मग उष्टी हळद कुणाची, या ओळीपाशी आल्यावर सगळा मांडव श्वास रोखून बसला. संजीवनीनं हर्षदाच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही.

“भूपेश नवऱ्याची, भूपेश नवऱ्याची...”

कुमुदिनीचे खांदे खाली आले. पान हळदीत बुडालं आणि हर्षदाच्या गालाला लागलं. पुढं मामा झाले, मावश्या झाल्या. मग भाऊ आले. धाकटा एक, त्याचं नाव घेतलं. तो पुढं झाला, बहिणीला हळद लावली आणि लाजून पळाला. संजीवनीला आता पुढच्या ओळीवर उडी मारता आली असती. कुणालाच काही कळलं नसतं, एका तुळशीशिवाय आणि एका हर्षदाशिवाय. हर्षदा तिच्याकडे बघत होती.

“हलद लावाया कोन गो भाव आला,
थोरला अनंता, थोरला अनंता भाव आला...”

कुमुदिनीची मान झटक्यात वर आली. तिनं तुळशीकडे पाहिलं, मग संजीवनीकडे. ताटावरची तिची बोटं आवळली. “हा आनि कोन?” ती म्हणाली. “धाकटाच भाव हाय ना? पत्रिकेत एकच छापलाय.”

संजीवनी बोलणार, तेवढ्यात पुरुषांच्या घोळक्यातून हिंदुराव पुढं आला. संजीवनीला वाटलं, आता हा आपल्याला मांडवाबाहेर काढणार. तो चौकाशी येऊन उभा राहिला. टोपी काढून त्यानं हातात घेतली.

“माझा पोरगा हाय तो,” तो म्हणाला. “मोठा पोरगा माझा.” त्याचा आवाज फाटला. “त्याच्या वाटची मी लावतो.”

कुमुदिनीनं ताट जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. हिंदुराव खाली बसला. त्याला आंब्याचं पान नीट धरता येईना, म्हणून त्यानं ते टाकून दिलं आणि बोटानंच हळद घेतली. हर्षदानं गाल पुढं केला. इतका वेळ कोरडी राहिलेली ती पोर आता बापाचं मनगट धरून हमसाहमशी रडू लागली, आणि तो एका हातानं हळद लावत दुसऱ्या हातानं तिचे डोळे पुसत राहिला. त्याला पुष्कळ वेळ लागत होता. संजीवनीनं तीच ओळ पुन्हा धरली आणि त्याचं होईपर्यंत ती अनंताचं नाव म्हणत राहिली.